पंधराव्या वर्षी पोळी बंद, आणि रात्री चकल्यांचा डबा रिकामा

प्रश्न (थोडक्यात): मुलगी दहावीत आहे, वय 15, उंची 156 सेंटिमीटर. जूनमध्ये वजन 52 किलो होतं, दिवाळीनंतर 48 भरलं. पोळी-भात बंद केलाय, शाळेचा डबा तसाच परत येतो. क्लासवरून आल्यावर 'भूक नाही' म्हणते, आणि रात्री अकरा-साडेअकराला गुपचूप बिस्किटं, चकल्या, फरसाण जे मिळेल ते खाते आणि मग रडते. जूनपर्यंत पाळी नियमित होती, आता दोन महिने नाही. सोनोग्राफीत पीसीओडी (बीजाशयाची तक्रार) निघालं, वजन कमी करा असं सांगितलं. नातेवाईक मात्र म्हणतात, 'किती छान दिसायला लागली!' सतरा वर्षांचा मोठा मुलगा जिमला जातो आणि प्रोटीन पावडरचा डबा मागतो. मी नेमकं काय करू?

उत्तर:

ताई, आधी एक स्पष्ट सांगते. तुमच्या मुलीने आता आणखी वजन कमी करायचं नाही, मग ते कोणीही सांगितलेलं असो. 156 सेंटिमीटर उंचीला 52 किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण 21.4. पंधरा वर्षांच्या मुलीला हे उत्तम वजन होतं, त्यातून कमी करण्यासारखं काही नव्हतं. 48 किलोला तो 19.7 येतो आणि वाढीच्या तक्त्यावर हाही 'नॉर्मल'च दिसतो. घोटाळा इथेच होतो. ठिपका मधल्या पट्ट्यात पडला की विषय संपतो. पण वाढत्या वयात एकटा ठिपका बघायचा नसतो, मागच्या दोन-तीन वर्षांचे ठिपके जोडून रेघ कुठे चालली आहे ते बघायचं असतं. या वयात ती रेघ हळूहळू वर जाते किंवा फार तर सपाट राहते. ती पाच महिन्यांत चार किलोंनी खाली आली आणि सोबत पाळी थांबली, तर शरीराला पुरेसं अन्न मिळत नाहीये. मुलगी किडकिडीत दिसत नसली तरीही.

या आठवड्यातच तिला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे न्या. 'वजन' हा शब्द न काढता, 'पाळी थांबली आहे, थकवा आहे, तपासून घेऊ' एवढंच तिला सांगा, ते खरंही आहे. डॉक्टरांना मात्र जूनपासूनचे आकडे कागदावर लिहून द्या. पाच मिनिटं शांत आडवं झोपवून नाडी आणि रक्तदाब घ्यायला सांगा, मग उभं करून पुन्हा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, थायरॉईड, साखर, पोटॅशियम, फॉस्फरस एवढ्या तपासण्या डॉक्टरांशी बोलून करून घ्या. रिपोर्ट सगळे चांगले आले म्हणून हुश्श करू नका. अर्धपोटी शरीर रक्तातले आकडे बराच काळ सांभाळून नेतं. नाडी मात्र लवकर मंदावते. घरीही बघता येईल: सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. जागेपणी नाडी पन्नासच्या खाली असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रात्रीच्या खाण्याचं आहे, आणि तेच तुम्ही जरा लाजत लिहिलंय. मुलीलाही त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत असणार. 'दिवसभर एवढं कंट्रोल करते आणि रात्री सगळं घालवते, मला विल पॉवरच नाही', हे वाक्य मी माझ्या टेबलापलीकडून इतक्या मुलींकडून ऐकलंय की आता पहिला अर्धा भाग ऐकल्यावर दुसरा मला पाठ असतो.

तिचा दिवस मांडून बघा. सकाळी साडेसहाला घाईत चहा. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर फोडणीच्या वासाचं 'ईऽऽ भाजी' होतं, ग्रुपमधल्या निम्म्या मुली खातच नाहीत, मग ही दोन घास खाऊन झाकण लावते. दुपारी घरी काकडी, किंवा डाळीचं नुसतं पाणी, पोळी नाही. चार ते आठ क्लास. आठला 'भूक नाही'. तोपर्यंत पोटात पाच-सहाशे कॅलरीही गेलेल्या नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली दिलेला हिशोब 13 ते 15 वर्षांच्या मुलीसाठी दिवसाला सुमारे 2400 कॅलरींचा आहे. रात्री अकराला घर शांत होतं, अभ्यास संपतो, आणि दिवसभर दाबलेली भूक बाहेर येते. त्या वेळी ती काकडी मागत नाही. गोड, खारट, तळलेलं, लगेच हाताला लागणारं मागते. चकल्यांचा डबा रिकामा होतो. मग रडणं, मग 'उद्यापासून अजून कडक', आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा तसाच परत. हे चक्र इच्छाशक्तीच्या अभावाने फिरत नाही, उपासमारीने फिरतं. रात्रीचं खाणं बंद करायला निघालात तर काही हाती लागणार नाही. सकाळचं आणि दुपारचं सुरू करा, रात्रीचं आपोआप ओसरतं.

हे माझं आवडतं मत म्हणून सांगत नाहीये. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला होता. युद्धावर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, स्वतःहून प्रयोगात आलेले हे तरुण. त्यांना चोवीस आठवडे रोज साधारण 1570 कॅलरी दिल्या, वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. ज्यांना आधी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटं चाटायला लागले, एकेक जेवण तासन् तास लांबवायला लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. अन्न पुन्हा भरपूर द्यायला लागल्यावर काहींचं कित्येक आठवडे पोट भरल्याचं समाधानच होईना, ते प्रचंड खात राहिले. हे सगळे मानसिकदृष्ट्या तपासून निवडलेले, खंबीर पुरुष होते. आणि 1570 हा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्या मुली फोनवरून उतरवून घेतात तो प्लॅन 1200 चा असतो.

त्याच मिनेसोटात 1998-99 पासून डायन न्यूमार्क-श्टायनर यांनी हजारो शाळकरी मुलामुलींचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांनी काय दिसलं? ज्यांनी वजन कमी करण्यासाठी डाएटिंग केलं होतं त्यांचं वजन, न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. अधाशासारखं खाण्याचे प्रकारही त्यांच्यात जास्त होते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये डॉक्टरांना लेखी सल्ला दिला तो यातूनच: किशोरवयीन मुलांना डाएटवर घालू नका, घरात वजनावर बोलू नका, एकत्र जेवा. आपल्याकडे अजून दवाखान्यातलं पहिलं वाक्य 'पाच किलो कमी कर' हेच असतं, याचा मला राग येतो.

पीसीओडीबद्दल. हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की कॉलेजातल्या मुली एकमेकींना 'तुझं पण का?' असं विचारतात. पहिली पाळी आल्यानंतरची दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणं अगदी स्वाभाविक आहे. या वयात सोनोग्राफीत बीजाशयात बारीक बारीक पुटकुळ्या दिसणं हेही स्वाभाविक आहे. म्हणूनच 2018 आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घ्यायचाच नाही. पाळीची अनियमितता हवी, आणि सोबत चेहऱ्यावरचे जास्त केस, चिवट मुरुमं किंवा रक्तात वाढलेली पुरुषी संप्रेरकं यांपैकी काही हवं. तुमच्या मुलीला तर जूनपर्यंत पाळी नियमित होती असं तुम्हीच लिहिलंय. नियमित पाळी जेवण कमी केल्यावर थांबली, तर आधी संशय उपासमारीवर घ्यायचा. अन्न कमी पडलं की मेंदू बीजाशयाला जाणारे निरोप बंद करतो. ज्या खर्चावाचून चालेल तो खर्च शरीर आधी थांबवतं. अशा मुलीला 'वजन कमी कर' सांगणं म्हणजे दुखण्यालाच औषध म्हणणं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा, वजनाचे आकडे आणि पाळीच्या तारखा एकाच कागदावर लिहून समोर ठेवा, आणि हा प्रश्न थेट विचारा. 'आणायच्या' गोळ्या घेऊन पाळी आणली म्हणजे सुटलं असंही समजू नका. त्याने रक्तस्राव होतो, हाडांना मिळायचं ते मिळत नाही. आणि हाडं हीच या वयातली खरी ठेव. अठराव्या वर्षापर्यंत मुलीची जवळपास नव्वद टक्के हाडं भरून झालेली असतात, ही संधी पंचविशीत पुन्हा येत नाही.

आता मुलगी मुळात जाड का समजते स्वतःला? तिने सातवीतले फोटो बघितले असतील. त्या वयात हाडंकाठी सडपातळ, आणि नंतर मांड्या, कंबर, छाती भरली. हे भरणं हेच वयात येणं. मुलीच्या शरीरातल्या चरबीचं प्रमाण या काळात सोळा-सतरा टक्क्यांवरून पंचवीसच्या आसपास जातं, कारण त्याशिवाय पाळी सुरू होत नाही आणि टिकत नाही. प्रौढपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या पाच-सहा वर्षांतच अंगावर चढतो. मुलांमध्ये हीच वर्षं खांदे आणि स्नायू देतात, त्यामुळे त्यांना बदल आवडतो. मुलींच्या वाट्याला नेमकं ते येतं जे पोस्टरवर नको म्हटलेलं असतं. शिवाय अनेक मुलं उंचीची झेप घेण्याआधी वर्षभर गोलमटोल दिसतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी मामा लग्नात गाल ओढून 'काय गं, भोपळा!' म्हणतो, आणि ते वाक्य दहा वर्षं टिकतं.

फोनला सगळा दोष द्यायचा मोह होतो, आणि थोडा द्यावाही. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. भरलेलं शरीर तिथे चांगलं मानलं जायचं. हार्वर्डच्या अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना टीव्ही येताच आणि तीन वर्षांनी असं दोनदा तपासलं. वजन कमी करण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी 1995 मध्ये सापडली नव्हती, 1998 मध्ये अकरा टक्क्यांहून जास्त मुली ते करत होत्या. तो नुसता टीव्ही होता. तुमच्या मुलीच्या हातातला पडदा तर तिने एकदा 'पोट कमी करण्याचे व्यायाम' बघितलं की पुढचे महिनाभर तेच वाढून देतो. फोन काढून घेऊ नका, दहावीच्या वर्षात भांडणाला नवा विषय नको. एकदा शेजारी बसून 'मी दिवसभरात काय खाते' छापाचे व्हिडिओ आणि तसली खाती तिच्याच हाताने बंद करून घ्या, आणि कॅलरी मोजायचं अॅप काढून टाका. ते अॅप फार छळतं. माझ्याकडे येणारी एक मुलगी चटणीतल्या दाण्याच्या कुटाचे चमचे मोजायची, आणि आईने चमचा सपाट घेतला की शिगोशीग यावर घरात रोज वाद व्हायचा.

पण फोनपेक्षा घराचा आवाज मोठा असतो, असं माझं मत आहे. तुम्ही स्वतः सध्या 'दोन वेळाच जेवायचं' करताय आणि आजी एकादशीला निर्जळी धरतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मोठ्यांनी काय करावं हा वेगळा विषय. पण मुलीसमोर 'आज मी पाप केलं, गुलाबजाम खाल्ला' असं म्हणणं, आरशासमोर पोट आत घेणं, साडी नेसताना दंडाला नावं ठेवणं बंद करा. तिच्यासाठी तुमचं शरीर म्हणजे तिचं उद्याचं शरीर. उपवासाकडेही लक्ष ठेवा. अचानक देवभक्ती वाढून सोमवार, गुरुवार, चतुर्थी सगळं धरायला लागली, तर आमच्या व्यवसायात आम्ही कान टवकारतो, कारण घरात ज्याबद्दल कोणी टोकणार नाही असं न जेवण्याचं हे एकमेव कारण आहे. आजींना मध्ये घ्या. 'आजी, दहावी होईपर्यंत उपवास नको, असं तुम्हीच सांगा' म्हटलं तर त्या जे सांगतील ते ती ऐकेल.

कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना फोन करून सांगा, अगदी थेट: 'तिच्या वजनावर चांगलं-वाईट काहीच बोलू नका, डॉक्टरांनी सांगितलंय.' डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे वाद होत नाही. 'छान बारीक झालीस' या वाक्याचा अर्थ तिला असा लागतो की आधी वाईट दिसत होते आणि पुन्हा चार घास जास्त खाल्ले तर पुन्हा वाईट दिसेन. घरातला वजनकाटा माळ्यावर टाका. वजन दवाखान्यात होईल, आठ-पंधरा दिवसांनी, तेही काट्याकडे पाठ करून.

खाण्याचं बघू. एकदम भरलं ताट समोर ठेवू नका, आणि 'हे संपवल्याशिवाय उठायचं नाही'ही नको. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी करून ठेवली आहे, ती मला सगळ्यात उपयोगी पडते: काय शिजवायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे आईवडिलांचं, किती खायचं हे मुलांचं. तुमच्याकडे सध्या दोन्ही बाजू बिघडल्या आहेत. वेळ तिच्या हातात आणि मापावर तुमचं लक्ष. एक सूचना मात्र. वजन असंच घसरत राहिलं किंवा डॉक्टरांनी खाण्याचा आजार म्हटलं, तर ही वाटणी काही काळ बाजूला ठेवून किती खायचं हेही तुम्हालाच ठरवावं लागेल. त्या आजाराच्या उपचारात तेच करतात, आणि ते करताना सोबत तज्ज्ञ लागतो.

आज मात्र वेळेपासून सुरू करा. दिवसात पाच वेळा, दोन खाण्यांत तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर नाही. सकाळी चहाऐवजी दूध, किंवा चहा हवाच असेल तर सोबत काहीतरी चावायचं. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, उकडलेलं अंडं, केळं, आदल्या रात्रीची पोळी तुपावर भाजून. पोहे-उपमा सकाळी सहाला कोणाच्याच गळ्याखाली उतरत नाहीत, तो आग्रह सोडा. डब्यात ओली भाजी नको, तिला चारचौघांत हात बरबटायचे नसतात. मेथीचा ठेपला, थालीपीठ, दाण्याची चटणी आणि तूप लावलेली पोळीची गुंडाळी, अंडाभुर्जी भरलेला रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या, इडली-चटणीपूड असं सुकं, एका हाताने, पाच मिनिटांत संपेल असं द्या. शाळेतली मधली सुट्टी वीस मिनिटांची असते, त्यात गप्पा पंधरा. डबा परत आला तर 'का नाही खाल्लंस' हा प्रश्न नको. दुपारी ताट वाढा आणि स्वतः समोर बसून जेवा.

मला विचाराल तर सगळ्यात निर्णायक खाणं दुपारी साडेतीन-चारचं, क्लासला जाण्याआधीचं. रात्रीच्या चकल्यांचा फैसला तिथेच होतो. घरी असेल तर दही-पोहे, उसळ आणि ब्रेड, शिरा, मेतकूट-तूप-भात, काहीही, पण पोटभर. क्लासच्या मधल्या सुट्टीसाठी दप्तरात फुटाणे-शेंगदाणे-गूळ. मैत्रिणींबरोबर वडापाव खाल्ला तर खाऊ दे. वडापावने कोणी बिघडत नाही. दिवसभर काही न खाता संध्याकाळी एकदम तीन खाणं आणि मग स्वतःचा तिरस्कार करणं, बिघाड तिथे आहे.

पोळी परत आणायला तिला पटवत बसू नका. 'कर्बोदकं चांगली की वाईट' या विषयावर तिने तुमच्यापेक्षा जास्त व्हिडिओ बघितलेत, वादात तीच जिंकेल. पहिल्या आठवड्यात अर्धी पोळी, सगळ्यांसारखी, न बोलता ताटात. चार दिवस ती तशीच राहील. पाचव्या दिवशीही वाढा. ती चिडली तर एकच वाक्य, तेही शांतपणे: 'मला माहितीये आत्ता हे खाणं अवघड जातंय. मी इथेच बसते.' आणि मग क्रिकेट, मांजर, मैत्रिणीचा वाढदिवस, काहीही बोला, अन्न सोडून. जेवल्यावर अर्धा तास तिच्या सोबत राहा, कारण जेवल्या जेवल्या मन सगळ्यात जास्त खातं आणि बाथरूमही तेव्हाच जवळ असतं. फरसाणाला कुलूप घालू नका. उलट संध्याकाळी स्वतःच वाटीत काढून सगळ्यांसमोर ठेवा. उजेडात, चारचौघांत, वाटीतून खाल्लेली चकली नुसती चकली असते.

तूप-तेल कमी करू नका, निदान हे वर्षभर. दूध-दह्याचे दोन-तीन पेले, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम. या वयाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं. लोह तीस मिलिग्रॅम लागतं आणि ते ताटातून पुरं पडणं कठीणच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयाच्या रेषेखाली निघाल्या. सरकारी शाळांत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी देतात ती त्यासाठीच, खाजगी शाळेतल्या मुलींनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणाला लागून नको.

मुलाचं थोडक्यात. सतराव्या वर्षी त्याला दिवसाला साधारण 55 ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम जोरात असेल तर थोडी जास्त. तीन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ती होतात, चिकन-मासे खात असाल तर प्रश्नच नाही. डब्याचे चार हजार रुपये वाचवून त्याला रोज एक केळी-दूध जास्त द्या, त्याला खरी गरज कॅलरींची आहे, 3300 च्या आसपास. क्रिएटिन, 'प्री-वर्कआऊट' आणि जिममधल्या कुणी दिलेली बिननावाची गोळी वा इंजेक्शन अठराच्या आत अजिबात नको, नंतरही इंजेक्शन नकोच. मुलांची असमाधानी नजर आपल्याला दिसत नाही कारण ती 'फिटनेस' या नावाने येते. तो दिवसातून दहा वेळा दंड मोजत असेल, जिम चुकली म्हणून कासावीस होत असेल, घरचं जेवण 'क्लीन नाही' म्हणून सोडत असेल, तर त्याच्याकडेही बहिणीइतकंच लक्ष द्या.

कुणी विचारेल, आणि ज्याचं वजन खरंच जास्त आहे त्याचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला फोटो डॉक्टरांत प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेहाचा धोका असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, म्हणून भारतीय बालरोग संघटनेचे 2015 चे तक्तेही आपल्यासाठी कडक रेषा वापरतात. तरी त्या मुलालाही मी उपाशी ठेवत नाही. वेळेवर पाच वेळा खाणं, कोल्ड्रिंक आणि पाकिटं घरात कमी आणणं, रोज तासभर घाम येईल असं खेळणं, आठ-नऊ तास झोप. बहुतेक वाढत्या मुलांत वजन जिथे आहे तिथे ठेवलं तरी उंची वाढून हिशोब जुळतो. वेळापत्रक तुमच्या मुलीचंच. फक्त तिच्यात वजन वर यायला हवं, त्याच्यात थांबायला हवं.

घरी सांभाळायची हद्द कुठे संपते तेही सांगते. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, नाडी पन्नासच्या खाली. जेवल्यावर लगेच बाथरूम आणि नळ सोडलेला, बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे, जबड्याखाली गाल सुजल्यासारखे. जुलाबाच्या गोळ्या किंवा 'डिटॉक्स' चहा. पाणीसुद्धा टाळणं. मध्यरात्री दार लावून उड्या, बैठका. पाठीवर-हातांवर बारीक लव, कायम गार हात, उकाड्यातही स्वेटर. दोन आठवड्यांत आणखी वजन उतरणं. हातावर चिरे, किंवा 'मी नसते तर बरं' यासारखं कोणतंही वाक्य. यातलं एकही दिसलं तर आहारतज्ज्ञाकडे नाही, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांकडे जायचं. कित्येक दिवस जवळपास काहीच खाल्लं नसेल तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली जातं आणि हृदयावर येतं, ते पोषण रुग्णालयात टप्प्याटप्प्याने करावं लागतं. या वयात सगळ्यात परिणामकारक ठरलेला उपचार लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात उभा राहिला. मुलीला खाऊ घालायचं काम आईवडिलांकडेच सोपवणारा, कुटुंबाला दोष न देणारा. डॉक्टरांना 'कुटुंबाधारित उपचार' येतो का हे विचारायला संकोचू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठीचं 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे चौकशी करा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रीलिम जवळ आली म्हणून हे सगळं मार्चनंतर बघू, असं करू नका. अर्धपोटी डोक्यात प्रमेय राहत नाही, हे तिलाही पटेल, आणि अभ्यास हे तिला पटणारं कारण असेल तर तेच पुढे करा. पाळी लगेच येणार नाही. गेलेलं वजन परत आल्यावरही कधी काही महिने लागतात, आणि ती आली की समजायचं, शरीराचा विश्वास बसायला लागला. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पोट फुगल्यासारखं वाटेल, बद्धकोष्ठ राहील, ती म्हणेल 'बघ, जाड झाले'. पोट मंदावलेलं असतं, ते ओसरतं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

डॉक्टरांना भेटून आलात की सकाळची नाडी, झोपून-उभं राहून घेतलेला रक्तदाब आणि मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा कळवा. सोनोग्राफीचा कागद परत करायचा नाही, फाइलला लावून ठेवा. दुपारी चारचं खाणं मात्र उद्यापासूनच सुरू करा, त्याला रिपोर्टची गरज नाही.